कवडसा चार वर्षांनी परत येतो

दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बत्तीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. शाळेच्या जुन्या सभागृहावर मंगलोरी कौलं आहेत आणि खाली शहाबादी फरशी. १९९२ च्या फेब्रुवारीत, महिना संपायला आलेला असताना, आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हा एकोणतिसावा दिवस येतो कुठून?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. वर्ष ३६५ दिवस आणि जवळजवळ सहा तासांचं असतं, ते सहा तास चार वर्षं साठले की एक दिवस होतो. तिनं लगेच विचारलं, "साठतात कुठे?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणजे गणित येत होतं, पण "ते बघ, तिथे साठतात" असं बोट दाखवून सांगता येत नव्हतं. पुढचे तीन आठवडे तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. शेवटी शिपाईमामांना शिडी धरायला लावून मी सभागृहाच्या वाशाला पत्र्याचा एक तुकडा ठोकला. त्याला खिळ्यानं बारीक भोक पाडलं आणि त्यावरचं कौल थोडं सरकवून ठेवलं. जमिनीपासून भोक साधारण चार मीटर उंच. त्यातून फरशीवर सूर्याचा गोल कवडसा पडला, चारेक सेंटिमीटर रुंदीचा. ओळंबा आणि दोरीच्या मदतीनं आम्ही दक्षिणोत्तर रेघ आखली. दापोलीला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावरच्या रेषेवर येतो तो घड्याळात १२ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास, बाराच्या ठोक्याला नव्हे. २२ मार्च १९९२ रोजी कवडसा त्या रेघेवर आला. कवडशाची कड पुसट असते, म्हणून दोन्ही कडांना खूण करून मधला बिंदू पोलादी टोच्यानं कोरला. २२ तारीख मुद्दाम निवडली होती, कारण राष्ट्रीय दिनदर्शिकेचा चैत्र साधारण वर्षी त्याच दिवशी सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी कवडसा तीन सेंटिमीटर दक्षिणेला सरकलेला होता. मार्चमध्ये सूर्य उत्तरेकडे निघालेला असतो, तेव्हा कवडसा उलट दिशेनं जातो. रोजचे तीन सेंटिमीटर, हे माप मुलांनी वहीत लिहून ठेवलं.

मग वर्षभर थांबलो. २२ मार्च १९९३ ला कवडसा जुन्या खुणेवर आला नाही, सात मिलिमीटर उत्तरेला पडला. तारीख तीच, वेळ तीच, पण सूर्य पाव दिवसानं मागे होता. पुढच्या वर्षी आणखी सात, १९९५ ला आणखी सात. तीन वर्षांचे मिळून दोन सेंटिमीटर. आता ती मुलगी अकरावीत होती, तालुक्याला शिकत होती. १९९६ च्या फेब्रुवारीत २९ तारीख आली आणि गेली. २२ मार्चला ती मुद्दाम आली आणि आम्ही दोघं फरशीशी उकिडवे बसून राहिलो. कवडसा सरकत सरकत रेघेवर आला आणि १९९२ च्या खुणेवर जाऊन बसला. तिनं फरशीवरच्या त्या दोन सेंटिमीटरवर बोट ठेवून म्हटलं, "म्हणजे इथे साठत होते."

आज इतक्या वर्षांनी मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की लीप वर्ष आपण मुलांना चुकीच्या बाजूनं शिकवतो. "ज्या वर्षाला ४ ने भाग जातो ते लीप वर्ष" हे सूत्र झालं, आणि ते कोणीतरी कागदावर ठरवलेलं आहे. ते का ठरवावं लागलं, हे आकाशात आहे आणि डोळ्यांनी दिसतं. आपण पाठ करून घेतो ते सूत्र. कारण कुणाला दाखवतच नाही. मग मोठेपणी माणसं २९ फेब्रुवारीला कुतूहलाचा एक दिवस समजतात, अधिक महिन्याला धर्माची गोष्ट समजतात, संक्रांत १५ तारखेला आली की पंचांगात घोळ झाला म्हणतात. ही तिन्ही एकाच दुखण्याची नावं आहेत. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी दिवसांच्या पूर्ण आकड्यात बसत नाही, आणि चंद्राची फेरी त्या दोन्हींत बसत नाही.

सूत्र पाठ केल्यानं काय होतं, याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडच्या एका मुलाचा जन्म २९ फेब्रुवारी २००० चा. पहिलीत नाव घालताना आईनं तीच तारीख सांगितली. लिहून घेणाऱ्यांना अर्धं सूत्र पक्कं ठाऊक होतं, की शतकाचं वर्ष लीप नसतं. त्यांनी १ मार्च लिहिलं. आई म्हणत राहिली, "अहो, मी त्या दिवशी दवाखान्यातल्या भिंतीवर बघितलंय कॅलेंडर." बारावीनंतर जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जुळेना, तेव्हा प्रतिज्ञापत्र, राजपत्र, चार-पाच खेटे आणि दोन मोसमांचा आंब्याचा पैसा खर्च झाला. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तर ते लीप असतं, हा सूत्राचा उरलेला अर्धा भाग त्या टेबलावर कुणालाच आठवला नाही. त्यांना दोष देऊन काय होणार? कारण कळलेलं नसेल तर सूत्र अर्धंच लक्षात राहतं.

त्याच सूत्राची दुसरी बाजू मोरारजी देसाईंच्या आयुष्यात दिसते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेल्या मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० ला ४ ने भाग जातो, पण ४०० ने जात नाही. त्यामुळे त्यांच्या वाट्याला पहिली २९ फेब्रुवारी आली ती थेट १९०४ साली, आठ वर्षांनी. १९९५ च्या एप्रिलमध्ये नव्याण्णव वर्षं पुरी करून ते गेले, तोवर त्यांना खऱ्या तारखेचे तेवीस वाढदिवस मिळाले होते.

तर हा ४०० चा भाग कशासाठी? याचंही उत्तर आमच्या फरशीवर आहे, आणि ते मिळायला मला बत्तीस वर्षं लागली.

ज्युलियस सीझरनं इसवीसनापूर्वी ४५ पासून जे कॅलेंडर चालू केलं, त्यात दर चार वर्षांनी न चुकता एक दिवस वाढवला जाई. म्हणजे त्यानं वर्ष धरलं ३६५ दिवस ६ तासांचं. ऋतूंचं खरं वर्ष आहे ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४५ सेकंद. फरक सव्वाअकरा मिनिटांचा. एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जाणवत नाही असं पुस्तकं म्हणतात. मीही तेच शिकवत होतो. पण दर लीप वर्षाच्या खुणा शेजारी शेजारी मोजायला लागल्यावर दिसलं की कवडसा १९९२ च्या खुणेवर तंतोतंत परत येत नाही. दर खेपेला केसभर दक्षिणेला पडतो. सुरुवातीला मी वाशाला दोष दिला, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात सुकतं. २०२० ची खूण राहूनच गेली. त्या वर्षी २२ मार्चला जनता कर्फ्यू होता, सभागृहाला कुलूप होतं, आणि मे महिन्यात मी निवृत्त झालो. २०२४ साली मुख्याध्यापकांची परवानगी काढून पुन्हा गेलो. मोजलं. १९९२ च्या खुणेपासून २०२४ ची खूण सात मिलिमीटर दक्षिणेला होती.

सात मिलिमीटर म्हणजे पाव दिवस. बत्तीस वर्षांत पाव दिवस, तर एकशे अठ्ठावीस वर्षांत एक पूर्ण दिवस. पुस्तकात दिलेला आकडा हाच आहे. वाशाच्या हालचालीची एक-दोन मिलिमीटर चूक धरली तरीही मी त्या दुपारी बराच वेळ तिथे बसून होतो. ज्या सव्वाअकरा मिनिटांपायी एका पोपला कॅलेंडर बदलावं लागलं, ती मिनिटं माझ्या बोटाखाली होती.

ते पोप तेरावे ग्रेगरी. इसवी सन ३२५ च्या सुमाराला वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी होण्याची वेळ, २१ मार्चला येत होता. चर्चनं ईस्टरचं गणित त्याच तारखेला बांधलं. सोळाव्या शतकापर्यंत संपात ११ मार्चवर घसरला होता. व्हॅटिकनच्या एका मनोऱ्यात इग्नात्सिओ दांती या खगोलज्ञानं भिंतीला भोक पाडून जमिनीवर दक्षिणोत्तर रेघ आखली आणि कवडसा दाखवून ही घसरण पोपपुढे मांडली, असं सांगतात. ती रेघ आजही आहे. १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला आणि पुढे दर ४०० वर्षांत तीन लीप वर्षं गाळायची असं ठरलं. पुढे १६५५ साली कासिनी या खगोलज्ञानं बोलोन्याच्या चर्चमध्ये सत्तावीस मीटर उंचीवर भोक ठेवून याहून मोठी रेघ आखली. आपल्याकडे सवाई जयसिंगानं जयपूरच्या जंतरमंतरमध्ये षष्ठांश यंत्र बांधलं, त्यातही अंधाऱ्या खोलीत कवडसाच पडतो. त्या सगळ्यांची दगडी यंत्रं आणि आमचा पत्र्याचा तुकडा यांत फरक आहे तो उंचीचा आणि नेमकेपणाचा.

आता अधिक महिना. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हटलं की जावयाचं वाण, तेहेतीस अनारसे, चांदीची निरांजनं, आणि लग्नं बंद. मी कधी कुणाच्या घरी अनारशाला नाही म्हटलेलं नाही. पण वर्गात मी गुढीपाडव्याच्या तारखा फळ्यावर लिहायचो आणि मुलांना बघत बसायला सांगायचो. निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांना अलीकडच्या तारखा लिहून देतो. २०२२ ला २ एप्रिल, २०२३ ला २२ मार्च, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. अकरा दिवस मागे, मग अठरा दिवस पुढे, मग पुन्हा दहा-अकरा दिवसांनी मागे. फरशीवर कवडसा सात-सात मिलिमीटर सरकून परत येतो, तसंच इथे आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, वर जेमतेम नऊ तास. सूर्य अजून अकरा दिवस मागे असतो. ती तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी पुरा एक महिना भरून निघतो. रूढी तेहेतीस हा आकडा तेहेतीस कोटी देवांशी जोडते. मला मात्र वाणाचं ताट दिसलं की अकरा दिवस गुणिले तीन वर्षं आठवतात.

कुठला महिना अधिक हे कुणी मनानं ठरवत नाही, त्याचा हिशेब तर घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असतो. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सूर्यानं राशी बदललीच नाही, तर तो महिना अधिक. २०२३ साली सूर्य कर्केत गेला १७ जुलैच्या पहाटे. अमावास्या संपली त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर. पुढची अमावास्या १६ ऑगस्टच्या दुपारी संपली, आणि सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला. दोन संक्रांतींच्या फटीत एक अख्खा चांद्रमास बसला, तोच अधिक श्रावण. मला यात फार सौंदर्य दिसतं. २९ फेब्रुवारीची शिवण डोळे मिटून ठराविक अंतरावर घातलेली आहे, अधिक महिन्याची शिवण दर वेळी आकाश पाहून घालतात. इस्लामी वर्षानं ही तूट भरायचीच नाही असं ठरवलं, म्हणून रमजान तेहेतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. पण पिकाचा सारा तसा गोळा करता येत नाही, म्हणून मराठ्यांच्या कागदपत्रांत जो सुहूर सन दिसतो, तो अरबी आकडे वापरूनही सौर आहे आणि सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतो. पेरणी कधी करायची हे दफ्तरातल्या माणसाला नीट ठाऊक होतं.

संक्रांतीबद्दल जास्त बोलायला हवं, कारण तिथे आपली समजूत सगळ्यांत घट्ट आहे. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो. आमच्या सभागृहात डिसेंबरच्या २० ते २३ या चार दिवसांत कवडसा जागच्या जागी घुटमळतो आणि मग मागे वळतो. १४ जानेवारीला तो चांगला वीतभर परत आलेला असतो. मुलं वीत लावून बघायची. उत्तरायण तोवर तीन आठवड्यांचं झालेलं असतं. कारण आपली संक्रांत ऋतूंच्या वर्षाला बांधलेली नाही, ताऱ्यांच्या वर्षाला बांधलेली आहे, आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं आहे. वीस मिनिटांचा एक दिवस व्हायला बहात्तर वर्षं लागतात. म्हणून संक्रांत १४ वरून १५ कडे चालली आहे. यात घोळ कुणाचाच नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३.

आता याच हिशेबानं आणखी शंभर वर्षं मागे जा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि ती संक्रांतीच्या दिवशी झाली असं व्याख्यानांतून, शाळेच्या नाटकांतून आजही सांगतात. मीही लहानपणी ऐकलं आणि रडलो. पण १७६१ साली संक्रांत येत होती १० जानेवारीच्या आसपास. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, संक्रांत होऊन चार दिवस झालेले. आपल्या माणसांच्या मरणाचं दुःख यानं तसूभर कमी होत नाही. पण ज्या दिवशी ते उपाशीपोटी लढले, तो दिवस आपण नीट सांगायला हवा, एवढं आपण त्यांचं देणं लागतो. तीच गोष्ट शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ला इंग्रज कागदात ६ जून १६७४ लिहिलं, कारण इंग्लंड तेव्हा सीझरच्याच कॅलेंडरवर होतं आणि १७५२ पर्यंत राहिलं. त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीज १६ जून लिहीत होते. तारीख की तिथी यावर हमरीतुमरीवर येणाऱ्या किती जणांना हे कुणी शाळेत सांगितलं असेल?

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात काही घरं टिळक पंचांग पाळतात, त्यांची संक्रांत इतरांच्या चार दिवस आधी येते. शेजारीशेजारी दोन घरांत दोन दिवशी तिळगूळ. याचं कारण ताऱ्यांच्या चक्राचा आरंभ कुठे धरायचा यावरचा शास्त्रीय मतभेद आहे. याच दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहून गेले, त्यात हे सगळं मराठीत आहे. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तिच्यात नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. त्या समितीच्या कामातून २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात चैत्राचा पहिला दिवस संपाताला चिकटलेला आहे आणि लीप वर्षी चैत्रच ३१ दिवसांचा होतो. इतकं स्वच्छ कॅलेंडर आज आकाशवाणीच्या एका वाक्यात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात उरलं आहे. मराठी शिक्षकानं ते वर्गात न उघडणं मला टोचतं.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक शाळेनं एक कवडसा पाळावा. कौलं नसतील, स्लॅब असेल, तर दक्षिणेच्या खिडकीत बोटभर आरसा चिकटवावा, कवडसा भिंतीवर पडेल. पाचवीत आलेल्या मुलांनी पहिली खूण करावी आणि नववीपर्यंत दर वर्षी त्याच तारखेला, त्याच मिनिटाला पुढची करावी. मधे एक लीप वर्ष येतंच. परीक्षेत "लीप वर्ष ओळखा" याच्या जोडीला "कवडसा सरकला का आणि परत का आला" एवढं विचारावं. शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे हे मी स्वतः सोसलेलं आहे. पण याला वर्षातली दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं मुलं विसरत नाहीत. ती मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे, घाटावर. तिच्या वर्गाच्या भिंतीवर आता तीन खुणा झाल्या आहेत, चौथीची ती वाट बघते आहे.

आमच्या सभागृहात यंदा टाइल्स बसवायचं ठरलं. मी संस्थेच्या मंडळींना भेटलो, आणि खुणांची ती एक शहाबादी फरशी तशीच ठेवायचं त्यांनी कबूल केलं. गवंडी मोजायला आला तेव्हा विचारू लागला, "सर, खुणा तर एवढ्याशा जागेत आहेत, उत्तरेला जास्त कशाला सोडायची?" मी त्याला सांगितलं की २१०० साल लीप नाही. २०९६ नंतर कवडसा चौथ्या वर्षी परत फिरणार नाही, सात वर्षं सलग सरकत जाईल, सात-सात मिलिमीटर, पाच सेंटिमीटर होईपर्यंत. १९०० नंतर असं कुणी पाहिलेलं नाही. गवंड्यानं खिशातून पेन्सिल काढली, पाच सेंटिमीटर मोजले, वर बोटभर आणखी धरले आणि तिथे रेघ मारली.